रात्री दहाची सही आणि तुमचं कमिशन

कमिशनवर विमा विकायला सुरुवात केली असेल, तर मार्च एंडिंग कसा जातो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रात्री नऊला मॅनेजरचा ग्रुपवर मेसेज येतो, "आज अजून दोन लॉगिन पाहिजेत." तुम्ही गाडी काढता आणि कधीतरी "बघू" म्हणालेल्या ग्राहकाच्या दारात जाऊन उभे राहता. घरात जेवणं उरकलेली, पोरं पेंगायला लागलेली.

एवढ्या रात्री आलाय म्हणजे याला गरज आहे, हे समोरच्याला लगेच कळतं. मग तो हळूच विचारतो, "कमिशनमधलं आम्हाला काय सोडणार?" आणि तुम्ही हो म्हणून बसता.

जरा आकडे मांडू. समजा वर्षाचा हप्ता २४,००० रुपये आणि पहिल्या वर्षाचं कमिशन २५ टक्के (प्लॅनप्रमाणे हे कमी-जास्त असतं). झाले ६,०००. वर्षाचं कमिशन २०,००० च्या पुढे गेलं की २ टक्के टीडीएस, म्हणजे १२० गेले. ग्राहकाला दिले ३,०००. हातात राहिले २,८८०. आयकराच्या हिशेबात मात्र तुमचं उत्पन्न पूर्ण ६,०००! पेट्रोल अजून धरलंच नाही.

ही झाली बरी बाजू. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करायचा हक्क ग्राहकाला असतो, त्याला फ्री लूक म्हणतात. झोपेच्या घाईत केलेली सही सकाळी घरात बोलणं झालं की डळमळते. पॉलिसी परत गेली की कंपनी कमिशन वळतं करून घेते. तुम्ही दिलेले ३,००० मात्र गेले ते गेलेच.

आणि "सगळेच देतात हो" हे ऐकू नका. विमा कायदा १९३८, कलम ४१: कमिशनमधली सूट देणंही बेकायदा आणि घेणंही. दंड १० लाख रुपयांपर्यंत.

मॅनेजरचं काय? त्याला त्याचं टार्गेट आहे, पण महिन्याला पगारही आहे. तुम्हाला पगार नाही. तुमचं पोट पुढच्या वर्षांच्या रिन्यूअलवर चालणार आहे, आणि रात्री गळ्यात मारलेल्या पॉलिसीचा दुसरा हप्ता बऱ्याचदा येतच नाही.

मग रात्री जायचंच नाही का? जायचं, पण बोलावल्यावर. नोकरदार माणूस आठच्या आधी घरी सापडत नाही, हे खरंच आहे. माझा नियम साधा: रात्री फक्त माहिती द्यायची, कागद ठेवून यायचं, सही दुसऱ्या दिवशी. नवरा-बायको दोघांना समोर बसवून हप्ता मोठ्याने सांगायचा, किती वर्षं भरायचा तेही सांगायचं. दोनातला एक गळेल. गळू द्या, तो फ्री लूकमध्ये गळणारच होता. दुकानदाराला दुपारी गाठा, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. (पुण्यात एक ते चार कुलूप दिसलं तर मला बोलू नका!) शिक्षकांना रविवारी सकाळी.

ग्रुपवर परत मेसेज आला, तर एवढंच टाका: "सर, उद्या ११ ची वेळ घेतली आहे."