दहावे घर: बुऱ्हाणपूर आणि हाताने लिहिलेली लायब्ररी
छोट्या, वारंवार लागणाऱ्या फंक्शनांची स्वतःची लायब्ररी बांधणे हा प्रोग्रामिंग शिकण्याचा निदान सी भाषेइतका तरी जुना मार्ग आहे. कर्निहन आणि रिची यांनी सीवरच्या आपल्या १९७८च्या पुस्तकातच स्ट्रिंग उलटी करणारी, अंकाक्षरांतून संख्या काढणारी फंक्शने वाचकादेखत लिहून दाखवली. १९८९मध्ये भाषेचे प्रमाणीकरण झाले आणि अशा फंक्शनांपैकी बरीचशी सर्वत्र आयती मिळण्याची हमी आली. तरीही चांगल्या शिक्षकांनी ती हाताने लिहून घेणे सोडले नाही.

बुऱ्हाणपूरसारख्या गावांच्या वाट्याला हा धडा आला तो २०००नंतरच्या दशकात. १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर पूर्व निमाडातून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मध्य प्रदेशात ठिकठिकाणी बीसीए आणि पीजीडीसीएचे वर्ग भरत होते. लॅबमध्ये टर्बो सीचा निळा पडदा आणि हाताशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’. कानेटकर स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या आयत्या ‘स्ट्रलेन’वर थांबत नाहीत, ‘एक्सस्ट्रलेन’ नावाने तेच काम करणारे फंक्शन पुन्हा उभे करून दाखवतात. होतकरू मुले त्याच वाटेने लांबी, नक्कल, जोडणी, तुलना, फॅक्टोरियल अशी फंक्शने एका हेडर फाइलमध्ये जमवत आणि पुढच्या प्रत्येक प्रॅक्टिकलला तीच वापरत.

त्यातून काय हाती लागे, हे गावाच्या नावावरूनच दाखवता येते. रोमन लिपीत बुऱ्हाणपूरची अक्षरे नऊ. पण ॲरे लागतो दहा घरांचा, कारण शेवटच्या घरात स्ट्रिंग संपल्याची खूण, म्हणजे शून्य, ठेवावे लागते. नक्कल करणाऱ्या फंक्शनात ते शून्य ठेवायचे राहिले, की पडद्यावर नावापुढे भलतीच चिन्हे उमटत. फॅक्टोरियलचेही तसेच. टर्बो सीमधला ‘इंट’ दोन बाइटांचा, म्हणजे ३२,७६७पर्यंतचा. सातचे उत्तर ५,०४० बरोबर येई. आठचे ४०,३२० यायला हवे, तिथे उणे २५,२१६ दिसे. ‘इंट’ची मर्यादा फळ्यावर कितीही वेळा सांगा, या एका उत्तराने ती कायमची समजे.

त्या दशकाचे दोषही मोठे होते. १९९९चे नवे प्रमाण येऊनही अनेक वर्गांत ‘व्हॉइड मेन’ आणि पडदा पुसणारे टर्बोपुरते फंक्शन हीच सी म्हणून शिकवली गेली. प्रॅक्टिकल फाइली एकमेकांच्या बघून उतरवल्या जात आणि व्हायव्हाची उत्तरे पाठ केली जात. त्या वर्षांतली ही हानी खरी आहे आणि तिची जबाबदारी अभ्यासक्रम आखणाऱ्यांवरच जाते. पण उतरवणाऱ्याचाही हात त्या ओळींवरून एकदा तरी फिरत असे.

पुढची वर्षे आयत्या लायब्ररींची. जावास्क्रिप्टमध्ये २००९ला अंडरस्कोर आली, २०१२ला लोडॅश. मार्च २०१६मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे फंक्शन त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सामाईक भांडारातून काढून घेतले आणि जगभरचे हजारो प्रकल्प अडले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज लिहिता येईल असे ते फंक्शन होते.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले, आणि आता अख्खी लायब्ररी टिपणांसकट क्षणात मिळते. अशी मागून घेतलेली फाइल जुन्या फाइलींपेक्षा नीटनेटकी असते, पण ती सादर करणाऱ्याला दहावे घर कशासाठी हे सांगता येईलच असे नाही. परीक्षा तयार फाइलीचीच झाली, तर ही उणीव उघडही पडत नाही. हे नुकसान मोठे आहे.

आणि हाताने करण्यासारखे काम संपलेले नाही. देवनागरीतले ‘बुऱ्हाणपूर’ यूटीएफ-८मध्ये दहा संकेतांचे, तीस बाइटांचे होते. ‘स्ट्रलेन’ तीस सांगते, वाचणाऱ्याला अक्षरे पाच दिसतात. हिंदीतले ‘बुरहानपुर’ सत्तावीस बाइटांचे, अक्षरे मात्र सहा. बाइट उलटे केले तर दोन्ही नावांचा चुथडा होतो. म्हणून मात्रा आणि हलन्त ओळखून अक्षरे मोजणारे फंक्शन वेगळे लिहावे लागते. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांनीही ‘ऱ्हा’ हे जोडाक्षर २०२३च्या १५.१ आवृत्तीपर्यंत दोन तुकड्यांत मोजले; त्या आवृत्तीपासून ते एक धरले जाते.