चाळीस दिवसांनंतर काय?

कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कधी लेक्चरला बसलायत? मी बसलेय. शेजारची मैत्रीण कानात कुजबुजली, 'अगं, तुझ्या कपाळाला काहीतरी लागलंय!' मी हसून सांगितलं, 'लागलं नाही, लावलंय. आज राखेचा बुधवार.'

या बुधवारी आम्हा कॅथलिक लोकांचा उपवासकाळ सुरू होतो. ईस्टरपर्यंत मधले रविवार सोडले तर बरोबर चाळीस दिवस. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म, ही या दिवसांची तीन कामं. कुणी मटण-मासे सोडतं, कुणी चहा, आणि आपल्या पिढीतलं कुणी इन्स्टा.

आता माझीच गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी पुण्यात पीजीत राहत होते. त्या उपवासकाळात मी नॉनव्हेज आणि चॉकलेट दोन्ही सोडलं आणि रोज स्टोरी टाकली. 'डे १२', 'डे १३'. लाइक्स भरपूर. पण त्याच खोलीत, चार फुटांवरच्या कॉटवर झोपणाऱ्या रूममेटशी मी महिनाभर बोलत नव्हते. तिने माझ्या मेसचे २,४०० रुपये भरले होते. ती मागायला आली तेव्हा मी ठासून सांगितलं, 'मी दिलेत, तुझा हिशेब चुकतोय.' आवाज चढले, ती रडली. आठवड्याने बँकेचं स्टेटमेंट बघितलं. पैसे गेलेच नव्हते. चूक माझी होती. आणि मी? गप्प बसले. दुसऱ्या दिवशी 'डे १४'ची स्टोरी मात्र टाकली.

मित्रांनो, इथेच गाडी अडते. सोडणं सोपं असतं, बदलणं अवघड.

त्याच रविवारी चर्चमध्ये जक्कयाची गोष्ट ऐकली. लूकच्या शुभवर्तमानात आहे. जक्कय म्हणजे यरीहोतला बडा जकातदार. श्रीमंत, बुटका, आणि गावाला नकोसा. येशूला बघायला तो उंबराच्या झाडावर चढतो आणि येशू थेट त्याच्याच घरी पाहुणा जातो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण पुढचा भाग त्या दिवशी पहिल्यांदा टोचला. जक्कय 'मला फार शांत वाटतंय' असं म्हणत नाही. तो हिशेब काढतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. त्याचा बदल त्याच्या पैशांच्या पिशवीत दिसतो!

मी घरी आले आणि रूममेटला सांगितलं, 'पैसे मी दिले नव्हते. मला आठवडाभर माहीत होतं. सॉरी.' पैसे तिथेच ट्रान्सफर केले. सिनेमात असतं तर तिने मिठी मारली असती. ती फक्त 'बरं' म्हणाली आणि इअरफोन घातले. खरं सांगू? मला राग आला. एवढी माफी मागितली तरी 'बरं'? मग लक्षात आलं, माझी माफी हे काही तिच्यावर उपकार नव्हते. तिला वेळ घेण्याचा पूर्ण हक्क होता.

बदल एका दिवसात होतो, हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलंय? नसेल तर लायब्ररीतून आणा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पुढे त्या पतीकडे राहायला आल्या तरी सोवळं-ओवळं त्यांनी सोडलं नाही. पण डोक्यात विचार चालूच होता. जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर सापडलं तेव्हा त्यांनी आधी शिवाशिव सोडली, कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर. या सगळ्याला काही वर्षं गेली. मला यातला क्रम फार आवडतो. नाव बदलायच्या आधी त्यांचं वागणं बदललं होतं.

आध्यात्मिक वाढ म्हणजे हेच असावं. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याची नऊ फळं सांगितली आहेत. प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, आत्मसंयम. शब्द बघा, 'फळं'. बक्षिसं नाहीत. झाडाला खत-पाणी घालून वाट बघावी लागते. आणि ही फळं एकट्याने खोलीत बसून दिसत नाहीत. सहनशीलता दिसते ती बाथरूमच्या रांगेत, ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम न करणाऱ्या मेंबरसमोर, घरून आलेल्या चौथ्या फोनवर.

मग रोज करायचं काय? सोळाव्या शतकातल्या संत इग्नाशियसने एक सवय सांगून ठेवली आहे, दिवसाची उजळणी. रात्री पाच मिनिटं फोन उलटा ठेवा. आज काय चांगलं मिळालं, त्याबद्दल देवाचे आभार माना. कुठे घसरलो ते प्रामाणिकपणे बघा, क्षमा मागा. उद्या कुणाशी नीट वागायचंय ते ठरवा. बस्स. तुमचा धर्म वेगळा असेल, किंवा देव मानत नसाल, तरी शेवटची दोन कामं करून बघायला कुणाची हरकत नसावी.

एक मात्र लक्षात ठेवा. हा स्नॅपचा स्ट्रीक नाही. एक दिवस चुकला म्हणून शून्यावर येत नाही. पडलात तर उठा आणि परत लागा. ख्रिस्ती श्रद्धेत यालाच कृपा म्हणतात. आपण चांगले झालो म्हणून देव जवळ येत नाही, तो आधी येतो. जक्कयाच्या घरीही येशू हिशेब चुकता व्हायच्या आधीच गेला होता.

आणि रूममेट? आमची पूर्वीसारखी घट्ट मैत्री काही परत झाली नाही. पण ईस्टरच्या सकाळी मी चर्चहून आले तेव्हा टेबलावर कटिंग चहा झाकून ठेवला होता. थंड झाला होता. मी तसाच प्यायले.

त्या दिवशी स्टोरी टाकली नाही.