सरकारी घोडा आणि दारची घोडी

जातिवंत नर आणला की जनावरांची अवलाद सुधारते, हा समज खेड्यापाड्यांतून दृढ आहे आणि तो निराधार नाही. मादी वर्षाकाठी एखादे पिलू देते, नर मात्र एका हंगामात कित्येक माद्या फळवितो. म्हणून अवलाद सुधारण्याचा स्वस्त मार्ग नराकडूनच जातो. परंतु केवळ नर उत्तम असून भागत नाही, याचा मोठा दाखला इंग्रजी अमदानीतील घोड्यांच्या पैदाशीने घालून दिला आहे. त्या काळी सरकारने विलायतेहून उत्तमोत्तम घोडे आणविले व पुढे ते शेतकऱ्यांच्या घोड्यांसाठी विनाशुल्कही ठेवले. तरीदेखील शंभर वर्षांनंतर लष्कराची घोड्यांची गरज बव्हंशी समुद्रापलीकडूनच भागवावी लागत होती. असे का घडले, हे आज गाई-म्हशींच्या पैदाशीचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

थरोब्रेड घोडा

इंग्लंडात शर्यतीसाठी तयार केलेली घोड्याची जात म्हणजे थरोब्रेड होय. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तेथे पूर्वेकडील जे नर नेण्यात आले, त्यांपैकी बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन हे तिघे या जातीचे मूळ पुरुष मानले जातात. आजच्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याची नराकडील वंशावळ या तिघांपैकी एकापर्यंत पोहोचते. या घोड्यांची वंशावळ-नोंदवही १७९१ साली प्रथम छापून निघाली. कोणता नर, कोणती मादी, कोणते शिंगरू हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवल्यामुळेच ही जात स्थिर झाली.

हा घोडा उंच, लांब पायांचा, पातळ कातडीचा आणि वेगवान असतो. मात्र त्याची जडणघडण भरपूर दाणा, हिरवा चारा, बंदिस्त तबेला आणि जाणकार मोतद्दार यांच्या आधाराने झालेली आहे, हे विसरता कामा नये.

पुसा येथील प्रयोग

ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वाढला तसे तिचे घोडदळही वाढले. त्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बिहारमधील पुसा येथे कंपनीने मोठे अश्वपैदास केंद्र उघडले. १८०८ साली विल्यम मूरक्रॉफ्ट हा या केंद्राचा प्रमुख म्हणून आला. तो फ्रान्समधील लियाँ येथे शिकलेला पशुवैद्य होता. केंद्रावर येताच त्याने जनावरांची निगा व खुराक यांकडे लक्ष पुरविले आणि घोड्यांसाठी ओटची लागवड मोठ्या प्रमाणावर केली. केंद्रातील पैदाशीखेरीज आसपासच्या जमीनदार-शेतकऱ्यांच्या घोड्या सरकारी नरांकडून फळवून त्यांची शिंगरे विकत घेण्याची पद्धतही तेथे चालू होती.

घोडदळाला लागणारे मजबूत हाडपेर उपलब्ध जनावरांत कमी पडते, अशी मूरक्रॉफ्टची खात्री झाली. चांगले तुर्कमान नर मिळविण्यासाठी तो लडाख, काश्मीर व अफगाणिस्तान या मार्गाने १८२५ साली बुखाऱ्यास पोहोचला. परंतु मनाजोगे घोडे पुरेसे मिळाले नाहीत आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला.

पुसाचे केंद्र पुढेही बरीच वर्षे चालले. मात्र तेथे तयार होणाऱ्या घोड्यांच्या मानाने खर्च फार होई. अखेरीस १८७० नंतरच्या दशकात ते मोडण्यात आले. याच जमिनीवर १९०५ साली शेतकी संशोधन संस्थेचा पाया घातला गेला. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतीची हानी झाल्यावर ही संस्था १९३६ साली दिल्लीस हलविण्यात आली. दिल्लीतील कृषि संशोधन संस्थेस लोक आजही ‘पुसा’ म्हणतात, ते यामुळे.

नर गावोगावी

मोठी केंद्रे परवडत नाहीत असे दिसताच सरकारने धोरण बदलले. पैदाशीचे नर जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवावेत, घोडी शेतकऱ्याची असावी, शिंगरूही त्याचेच असावे आणि वाढलेला घोडा लष्कराने बाजारभावाने घ्यावा, अशी ही योजना होती. अधिकारी घोड्यांची पाहणी करीत. पसंत पडलेल्या घोडीस डाग देऊन तिची नोंद होई आणि अशा घोडीसाठी सरकारी नर विनाशुल्क मिळे. नरांमध्ये इंग्लिश थरोब्रेड, अरबी आणि नॉरफोक ट्रॉटर या जातींचे घोडे असत. १८९२ साली मुलकी पशुवैद्यक खाते स्थापन झाल्यावर हे काम त्याच्याकडे आले. पुढे १९०३ साली निवडक प्रदेशांतील अश्वपैदास लष्कराच्या रिमाउंट खात्याने आपल्या हाती घेतली.

कागदावर ही योजना निर्दोष दिसते. नर उत्तम, शुल्क नाही, गिऱ्हाईक घरचेच. तरीही शेतकऱ्याचा उत्साह बेताचाच राहिला. यामागची कारणे दख्खनच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात.

भीमथडीचा मुलूख

भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यातील घोडे ‘भीमथडी’ या नावाने प्रसिद्ध होते. स्थानिक तट्टांचा अरबी व तुर्की घोड्यांशी संकर होत मराठेशाहीत ही जात नावारूपास आली. बेताची उंची, टणक खूर, थोड्या चाऱ्यावर तग धरण्याची ताकद आणि डोंगरवाटेने लांबची मजल मारण्याची तयारी हे तिचे गुण होत. स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार आणि पागेचा घोडा मिळणारा बारगीर या दोघांच्याही मागणीवर ही पैदास उभी होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि ही मागणी एकाएकी आटली. गावोगावच्या चांगल्या घोड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. मुंबई सरकारने शिरूरजवळ आलेगाव येथे अश्वपैदास केंद्र चालविले, पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते बंद पडले. नंतर दख्खनच्या जिल्ह्यांतही सरकारी नर ठेवण्यात आले. परंतु तोपर्यंत घोडी पाळणारा पूर्वीचा वर्ग विरळ झाला होता. लष्कराची निकडही दुसरीकडून भागत होती. अरबी घोडे मुंबई बंदरात उतरत आणि ऑस्ट्रेलियातील ‘वेलर’ घोडे जहाजे भरभरून येत. आपल्या मालाला हमखास मागणी आहे असा विश्वास शेतकऱ्याला वाटावा, अशी परिस्थिती राहिली नव्हती.

काम कोठे अडले

पहिली अडचण घोडीची होती. नर निवडण्यात जेवढी काटेकोर दृष्टी होती, तेवढी मादीच्या बाबतीत नव्हती. शिंगराच्या अंगात निम्मे रक्त आईचे असते, आणि जन्मापूर्वीची वाढ तर सर्वस्वी तिच्या पोटावर अवलंबून असते. केंब्रिज येथे वॉल्टन व हॅमंड यांनी अवाढव्य शायर घोडे आणि चिमुकली शेटलंड तट्टे यांचा दोन्ही बाजूंनी संकर करून १९३८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शायर घोडीच्या पोटी जन्मलेली शिंगरे शेटलंड घोडीच्या शिंगरांपेक्षा वजनाने सुमारे तिप्पट भरली. रक्ताचा वाटा दोन्हीकडे सारखाच असूनही हा फरक पडला. उंच नर लहान घोडीवर लावला म्हणजे उंच शिंगरू मिळते, हा हिशेब किती अपुरा आहे हे यावरून कळते.

दुसरी अडचण चाऱ्याची. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि शिंगराच्या हाडापेराची वाढ मुख्यत्वे पहिल्या दोन वर्षांत होते. या काळात हरभरा, हिरवा चारा व मोकळे रान न मिळाल्यास थरोब्रेड रक्ताचे शिंगरू लांब पायांचे, अरुंद छातीचे व हलक्या हाडाचे होते. देशी तट्टू कमी चाऱ्यावर निभावते, कारण ते त्यासाठीच घडलेले असते. बापाचे रक्त विलायती आणि खुराक मात्र कोरडवाहू कडब्याचा, हा मेळ बसणे कठीण होते.

तिसरी अडचण वेळेची व बाजाराची. लष्कर साधारणपणे तीन-चार वर्षांचे जनावर घेई. तोपर्यंतचा सर्व खर्च शेतकऱ्याच्या माथी पडे. खरेदी अधिकाऱ्याने नापसंत केलेला घोडा पुन्हा त्याच्याच दारी उभा राही. असा घोडा उंच व तापट असल्याने ओझ्याला, घाटवाटेला किंवा शेतकऱ्याच्या रोजच्या कामाला फारसा उपयोगी नसे.

चौथी अडचण सातत्याची. संकराच्या पहिल्या पिढीत नव्या जातीचे रक्त निम्मे असते. त्याच जातीचा नर दुसऱ्या पिढीतही वापरल्यास ते ७५ टक्के, तिसऱ्या पिढीत ८७.५ टक्के होते. यासाठी एकच जात, एकच दिशा आणि नोंद आवश्यक असते. एका पिढीत थरोब्रेड, दुसरीत अरबी, तिसरीत ट्रॉटर असा क्रम लागला म्हणजे कोणताच गुण स्थिर होत नाही. शिवाय खच्ची न केलेली गावठी तट्टे रानात मोकळी चरत. सरकारी नरापर्यंत नेण्यापूर्वीच कित्येक घोड्या त्यांच्याकडून फळत.

पंजाबातील सक्ती

पंजाबात सरकारने वेगळा उपाय योजला. विसाव्या शतकाच्या आरंभी झेलम नदीवरील नव्या कालव्याखाली जी वसाहत वसली, तेथे पैदाशीची एक घोडी सांभाळण्याच्या अटीवर जमिनी देण्यात आल्या. अशा धारकांस घोडीपाल म्हणत. पाणी होते, चारा होता, सरकारी नर जवळ होते. त्यामुळे दख्खनपेक्षा येथे पैदास पुष्कळ बरी झाली. परंतु घोडीमागची जमीन वाटली जाऊ नये म्हणून ती थोरल्या मुलाकडेच जावी, असा नियम करण्यात आला. सर्व मुलांनी वाटून घेण्याच्या रिवाजाविरुद्ध असलेल्या या नियमामुळे घराघरांत तंटे उद्भवले आणि असंतोष माजला. चाऱ्याची सोय झाली की पैदास सुधारते, हे पंजाबने दाखविले. पण जनावर कोणते पाळावे हे पाळणाऱ्याच्या गरजेवर न सोडता अटीने लादले, तर ते घरात सुखाने नांदत नाही, हेही तेथेच दिसून आले.

काय टिकले

दख्खनमध्ये सरकारी नरांची व्यवस्था गेली, घोडदळही इतिहासजमा झाले. परंतु भीमथडी तट्टू नाहीसे झाले नाही. मेंढ्यांच्या कळपांबरोबर चाऱ्यासाठी मजल-दरमजल फिरणाऱ्या धनगर कुटुंबांनी ते जतन केले. बिऱ्हाड, भांडीकुंडी, कोकरे आणि लहान मुले पाठीवर घेऊन उन्हातान्हात चालणारे, वाटेवरच्या गवतावर पोट भरणारे जनावर त्यांना हवे होते. आपल्या कामाला जे तट्टू उतरे त्याचीच पैदास त्यांनी पुढे चालविली. त्यांच्यापाशी छापील वंशावळ नव्हती, पण निवडीचे माप पक्के होते. २०२० नंतरच्या वर्षांत भीमथडीची स्वतंत्र अश्वजात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. तिचे श्रेय या पशुपालकांच्या पिढ्यांना आहे.

थरोब्रेड घोडाही आपल्याकडून गेलेला नाही. पुण्याच्या परिसरातील खाजगी पैदास केंद्रांत तो आजही उत्तम रीतीने वाढतो. तेथे त्याला लागणारा खुराक, निगा व शर्यतीचा बाजार या तिन्ही गोष्टी आहेत. दोष घोड्याचा नव्हता. जागा, धनी आणि काम यांच्याशी त्याची सांगड घातली गेली नव्हती.

आजच्या कामासाठी बोध

आज गावात वळू प्रत्यक्ष आणावा लागत नाही, कृत्रिम रेतनाने दूरदेशीच्या नराचे बीजही दारी येते. म्हणूनच निवडीची जबाबदारी अधिक वाढली आहे. बीज सुचविण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याबरोबर बसून पुढील गोष्टींचा विचार करावा :

१. मादीचे वय, बांधा, पूर्वीची वेते व दूध पाहावे. लहान चणीच्या कालवडीस फार मोठ्या बांध्याच्या जातीचे बीज देऊ नये. गाईला वासरू अडण्याचा धोका असतो.

२. उन्हाळ्यातील चार महिने हिरवा चारा व पाणी कोठून येणार, याचा हिशेब आधी करावा. चारा नसेल तर उंची रक्ताचा आग्रह धरू नये.

३. जनावर कशासाठी हवे ते विचारावे. दुधासाठी, शेतकामासाठी की दोहोंसाठी, यावर जात ठरते. खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ या जाती त्यांच्या त्यांच्या मुलखाच्या कामातूनच घडल्या आहेत. ज्या गाई या जातींच्या अस्सल आहेत, त्या त्याच जातीच्या निवडक वळूकडून फळवाव्यात.

४. दूध अथवा वासरू कोण घेणार आणि नर वासराचे काय करणार, हे ठरलेले असावे.

५. रेतनाची तारीख, वळूची जात व क्रमांक लिहून ठेवावा. पुढील पिढीस कोणते बीज द्यावे हे या नोंदीवाचून ठरत नाही.

६. गावातील निकृष्ट नर वेळीच खच्ची करावेत. एक मोकाट नर अनेक चांगल्या रेतनांचे काम वाया घालवितो.

हे सहा प्रश्न विचारण्यास गोठ्यात अर्धा तास पुरतो. चुकीच्या बीजाची वासरी मात्र गाय होऊन दूध देऊ लागेपर्यंत तीन-साडेतीन वर्षे शेतकऱ्याच्या दावणीचा चारा खाते.