दोन रविवारांचं बोरनहाण

लहान बाळाच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचं ते बोरनहाण कधी करायचं, तर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण यातली एक तारीख सूर्याची आणि दुसरी चंद्राची. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारी सोडून हलत नाही. रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, ती मागेपुढे सरकणारच. २०२४ साली ती १६ फेब्रुवारीला आली, २०२५ साली ४ फेब्रुवारीला आणि यंदा, २०२६ साली, थेट २५ जानेवारीला. ज्यांना रविवारशिवाय सुट्टी नाही त्यांच्या भाषेत सांगायचं तर आधी चार रविवार होते, मग तीन, आणि यंदा दोनच. पुढच्या वर्षी पुन्हा ऐसपैस होईल, कारण यंदा अधिक ज्येष्ठ आहे आणि त्यामुळे रथसप्तमी फेब्रुवारीच्या मध्याकडे ढकलली जाईल. पण अकरा महिन्यांच्या बाळाला पुढच्या वर्षीचं काय सांगणार?

दिव्यात हा रविवारांचा हिशोब फार काटेकोर असतो. मुंब्रा आणि कोपर यांच्या मधलं हे जंक्शन. इथून वसईला, पनवेलला, रोह्याला गाड्या फुटतात आणि सावंतवाडीची गाडी तर इथूनच सुटते. जलद लोकल इथे थांबायला लागली ती डिसेंबर २०१६ मध्ये. तरीही सकाळच्या गाडीत पाय ठेवायला मिळणं हा नशिबाचा भाग आहे. आठवडाभर अंधारात निघून अंधारात परतणारी माणसं रविवारी पोरांना घेऊन राणीच्या बागेत जायचं म्हणतात, आणि खरंच जातातही, पण त्यात अख्खा दिवस आणि आईबापाचं अवसान गाडीतच संपतं. ठाण्याच्या मॉलमध्ये डिसेंबरात उभं केलेलं ख्रिसमसचं झाड बघून येणं हा दुसरा पर्याय. तिथे झाड फुकट, बाकी सगळ्याला पैसे. बोरनहाणाला गाडी लागत नाही. बिल्डिंगचा पॅसेज, एक सतरंजी, दोन तास आणि मजल्यामजल्यावरची पोरं. पोरांना आमंत्रण द्यावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

दोन तासांच्या या कार्यक्रमामागचं काम मात्र महिनाभर आधी सुरू होतं. दातिवलीच्या बाजूला राहणाऱ्या एक काकू बाळाला घालायचे हलव्याचे दागिने करून देतात. माहेर साताऱ्याकडचं, लग्नानंतर दिवा. दत्तजयंती झाली की त्यांची परात माळ्यावरून खाली उतरते. डिसेंबर-जानेवारीतच हे काम जमतं, कारण हलव्याला थंड हवा लागते आणि खाडीकाठच्या गावात ती सहजासहजी मिळत नाही. मिळाली तर पहाटेच.

म्हणून बसायची वेळ पहाटे पाचची. पंखा बंद, खिडकी बंद. गॅसवर जाड लोखंडी तवा, तव्यावर परात, खाली आच अगदी नावापुरती. परातीत मूठभर पांढरे तीळ. शेजारी लहान पातेल्यात साखरेचा पाक. पाक उकळताना त्यात चमचाभर दूध घालून मळी वर आणलेली आणि काढून टाकलेली असते. ती राहिली तर हलवा पिवळट दिसतो. पाक तार यायच्या आतच उतरवायचा. घट्ट झाला तर तीळ एकमेकांना धरतात आणि हलव्याऐवजी चिक्की होते.

पाक घालणं म्हणजे ओतणं नव्हे. काकू चमचा पाकात बुडवतात, निथळू देतात आणि तिळांवरून नुसता फिरवतात. पडतील ते थेंब खरे. मग उजव्या हाताची पेरं परातीत टेकवून तीळ हळूहळू सरकवायचे. चोळायचे नाहीत, ढवळायचे नाहीत. ओले तीळ परातीत मुके असतात. दोनेक मिनिटांत ते वाळतात आणि खुळखुळ असा बारीक आवाज यायला लागतो. तो ऐकू आला की पुढचे थेंब. मी गप्पा मारत होतो तेव्हा त्या उत्तर देता देता मधेच थांबायच्या. मला वाटलं आठवत असतील, पण त्या परात ऐकत होत्या.

पहिल्या दिवशी दिसायला काहीच नसतं. तिळावर जेमतेम पांढरी साय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दाणे, तोच मंद गॅस, तीच पेरं. दाणा जरा टपोरा होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोकं फुटायला लागतात. हा हलव्याचा काटा. काटा आला की हात आणखी हलका करावा लागतो, नाहीतर आलेली टोकं घासून जातात आणि दाणा गुळगुळीत होतो. “घाई केली की गोळी होते, हलवा होत नाही,” काकू म्हणाल्या. त्यांनी बोटं दाखवली. तीन बोटांच्या पेरांवरची कातडी जाड, तुकतुकीत झालेली होती. डिसेंबरात झोंबतं, जानेवारीत कळत नाही, असा त्यांचा अनुभव.

काटा का येतो, दाणा नुसता गोल का वाढत नाही, हा प्रश्न मला परातीपाशी बसूनच पडला. जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोराहिको तेरादा यांनाही तो पडला होता. त्यांच्याकडे कोंपेइतो नावाची मिठाई आहे, जी आपल्या हलव्याची सख्खी बहीण शोभेल. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात जपानात नेली. लुईस फ्रॉइस या जेझुइट पाद्र्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला ती भेट दिल्याची नोंद आहे. आज तिथे कलती, तापवलेली मोठी कढई यंत्रावर फिरत राहते, तिच्यात थोडा थोडा पाक पडत राहतो आणि एक-दोन आठवड्यांनी दाण्यांना टोकं येतात. काट्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की, दाण्यावर कुठेतरी योगायोगाने किंचित उंचवटा तयार होतो, मग गरम भांड्याला आणि पाकाला तोच भाग आधी टेकतो, म्हणून तो इतरांपेक्षा जास्त वाढतो, आणि वाढल्यामुळे पुन्हा तोच आधी टेकतो. श्रीमंत आणखी श्रीमंत होतो, तसलंच काहीतरी. हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे त्यांना मशीनवर काटा येतो? मग आम्ही बोटं का भाजून घेतोय?” मी म्हटलं, मशीनपाशीही पंधरा दिवस माणूस उभाच असतो. ते त्यांना पटलं नाही.

ढगाळ दिवशी परात निघत नाही. एकदा निघाली होती. दाणे दुपारपर्यंत चिकट झाले, टोकं विरघळली, आणि तो घाणा पुढे आठवडाभर घरच्यांच्या चहात साखर म्हणून गेला. सगळा हलवा घरचा नसतो, हेही त्या लपवत नाहीत. एवढ्या ऑर्डरी हाताने पुरवायच्या तर संक्रांत दिवाळीलाच गाठावी लागेल. दागिन्यांचा भराव दादरहून आणलेल्या तयार हलव्याचा. दर्शनी भागाला, म्हणजे मुकुटाच्या कडेला आणि हाराच्या पदकाला, हातचा. फरक डोळ्याला दिसतो. तयार हलवा पांढराशुभ्र आणि एकसारखा. हातच्याचा काटा लांब, थोडा वेडावाकडा.

दागिन्यांची खरी अडचण अशी की हलव्याला भोक नसतं. मणी ओवता येतो, हलवा ओवता येत नाही. सुई घातली की फुटतो. म्हणून दुहेरी दोरा घ्यायचा, दोन पदरांमध्ये दाणा धरायचा, पीळ द्यायचा, पुढचा दाणा, पुन्हा पीळ. दाणा काट्यांच्या खाचेत अडकून बसतो; गुळगुळीत गोळी असती तर निसटली असती. तेव्हा काटा केवळ शोभेचा नाही. एका वीतभर हारासाठी काकूंची मान जी खाली जाते ती कुकरची शिट्टी झाल्यावरच वर येते. मुकुट आणि बासरी पुठ्ठ्याची, त्यांवर चमकी कागद आणि त्यावर हलवा चिकटवलेला. बासरी का, तर पहिलं बोरनहाण कृष्णाचं झालं अशी गोष्ट सांगतात. मुलीसाठी बिंदी, बाजूबंद, बांगड्या, वाळे. जे तोंडाजवळ येणार त्याला डिंक लावायचा नाही, फक्त दोरा. हा नियम काकू मोडत नाहीत, कारण बाळ दागिना बघत नाही, चाटतं.

हार-बांगड्या प्रत्येक बाळाला नव्या. मुकुट, बासरी आणि कंबरपट्टा भाड्याने. पूर्वी हे भाडं दोन दिवसांचं असायचं. यंदा दोनच रविवार, आणि दोन्ही रविवारी सगळ्यांनाच हवं. काकूंनी भाडं तासांवर आणलं.

१८ जानेवारीच्या रविवारी त्यांचा एक संच ज्या बिल्डिंगमध्ये गेला तिथे मीही गेलो. तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये सतरंजी, तिच्यावर धुतलेली जुनी नऊवारी पसरलेली. मधोमध पाट. काळ्या झबल्यातलं बाळ पाटावर ठेवलं की लगेच उतरत होतं. आतल्या खोलीत त्याच वेळी हळदीकुंकू. वेगळा रविवार कुठून आणणार, म्हणून दोन्ही एकदम. बाळाची आजी सावंतवाडीच्या गाडीने दिवसभराचा प्रवास करून आली होती आणि दारात खुर्ची टाकून सगळं निरखत होती. “आमच्याकडे असला काय नव्हता गो,” ती शेजारणीला म्हणाली. सूनबाई मूळच्या सावंतवाडीकडच्याच, पण शेजार सातारा-सांगलीचा. दिव्यात सण असे भिंतीतून इकडून तिकडे जातात. घरमालक आगरी कुटुंब. त्यांच्याकडून वालाच्या शेंगा आल्या होत्या, त्यांचा या विधीशी संबंध काय हे कुणी विचारलं नाही.

मोठ्या पातेल्यात ऐवज तयार होता. चुरमुरे, बत्तासे, रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, उसाचे बारीक करवे, गोळ्या, कागदातली चॉकलेटं आणि बोरं. बोरं दोन जातींची: गावठी, आंबटगोड, नखाएवढी, आणि हल्ली सगळीकडे दिसणारी ती हिरवी, पेरूएवढी ॲपल बोरं. ॲपल बोर डोक्यावर ओतायचं म्हणजे मारामारी आहे. एका आजोबांनी ती सगळी बाजूला काढायला लावली, आणि मला वाटतं त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच झालं. दुसरं शहाणपण बाळाच्या आत्याने केलं. औक्षण होऊन पहिली वाटी डोक्यावरून ओतली गेली ती निव्वळ चुरमुऱ्यांची. शेंगदाणे, बोराच्या बिया, कडक गोळ्या लहान मुलांच्या घशात अडकतात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि बोरनहाण तर नेमकं पाच वर्षांखालच्यांचंच. म्हणून आधी बाळावर चुरमुरे, मग बाळाला उचलायचं, आणि बाकीचं पातेलं मोकळ्या पाटावर.

खरा कार्यक्रम तिथून सुरू झाला. पॅसेजच्या दोन्ही टोकांना पोरं पिशव्या घेऊन गुडघ्यांवर बसली होती. पातेलं उलटलं. पुढच्या अर्ध्या मिनिटात काय झालं ते नीट दिसलं नाही. चॉकलेटं तर दिसलीच नाहीत. मग रेवड्या, मग बत्तासे. जिन्यावरून घरंगळलेली बोरं गाठायला एक पोरगा दोन मजले खाली गेला. दहा मिनिटांनी जिन्यावर बाजार भरला. एका चॉकलेटला किती रेवड्या, यावरून भांडण, मग तोड. बोरांना भाव नव्हता. ती सगळी शेवटी आयांच्या ताटात गेली, आणि आयांनी मीठ लावून संपवली. बाळ आजीच्या मांडीवर बसून कंबरपट्टा चोखत होतं. बाप मोबाइलवर फोटो काढत होता, त्यातल्या एकाही फोटोत बाळ समोर बघत नव्हतं.

साडेपाचला काकू डबा घेऊन हजर. बी विंगमध्ये सहाला दुसरं बोरनहाण होतं, आणि ही बातमी पोरांना आधीच होती; निम्मी पोरं पिशव्या रिकाम्या करून परत निघालीसुद्धा. मुकुट शाबूत, बासरीचं एक टोक वाकलेलं, कंबरपट्ट्याचा डाव्या बाजूचा हलवा साफ. बाळाची आई ओशाळली, नुकसान किती झालं विचारायला लागली. काकूंनी पायरीवरच बैठक मारली, चाटलेला भाग कात्रीने कापून टाकला, डब्यातून नवा दोरा आणि मूठभर हलवा काढला आणि पीळ द्यायला सुरुवात केली.

“राहू दे गं,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “खाल्लेलं भाड्यात धरलेलं असतं.”