लेटरहेडचा साचा : पत्राआधी ओळख

सावनेर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव कोलार नदीच्या काठी वसलेले असून छिंदवाडा आणि बैतूल या मध्य प्रदेशातील शहरांकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. त्यामुळे येथील शाळा, पतसंस्था, वाचनालये आणि व्यापारी पेढ्या यांची पत्रे एकीकडे नागपूरच्या कार्यालयांत, तर दुसरीकडे राज्याची सीमा ओलांडून सौंसर-पांढुर्ण्यापर्यंत जातात. पत्र कोणाचे, ते कोठून आले आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे मजकुराआधी सांगण्याचे काम लेटरहेड करते. पूर्वी ते छापखान्यातून गठ्ठ्याने छापून येत असे. आता ते बहुतेक ठिकाणी संगणकावरच तयार होते, आणि तेथे एक घातक रीत रूढ झाली आहे. मागचे पत्र उघडायचे, जुना मजकूर खोडायचा आणि त्यावरच नवे पत्र लिहायचे, अशा या रीतीत जुना जावक क्रमांक किंवा भलत्याच अधिकाऱ्याचे पदनाम नव्या पत्रात राहून जाते, आणि घाईत ‘सेव्ह’ केले की जुन्या पत्राची कार्यालयीन प्रतच पुसली जाते. लहान संस्थेचा इतिहास पुष्कळदा तिच्या जावक पत्रांतच असतो, म्हणून ही हानी किरकोळ मानता येत नाही.

यावरचा उपाय वर्ड आणि लिबरऑफिस या दोन्ही प्रणालींत आधीपासूनच आहे. पत्र साध्या दस्तऐवजाऐवजी टेम्प्लेट म्हणजे साचा म्हणून जतन केले, तर वर्डमध्ये ‘डीओटीएक्स’ आणि लिबरऑफिसमध्ये ‘ओटीटी’ या प्रकारची फाइल तयार होते, आणि तिच्यावर दोनदा क्लिक केल्यावर मूळ साचा न उघडता त्याची नवी, निनावी प्रत समोर येते. साहजिकच लिहिणाऱ्याने काहीही बदलले तरी साचा अबाधित राहतो.

साच्यात संस्थेचे नाव, बोधचिन्ह आणि पत्ता हे पानाच्या मुख्य मजकुरात न ठेवता हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या राखीव पट्ट्यात ठेवावे लागतात, कारण मुख्य मजकुरात ठेवलेले नाव एखादी ओळ वाढली की खाली सरकते. पत्र दोन पानांचे झाले तर संपूर्ण लेटरहेड दुसऱ्या पानावर पुन्हा उमटू नये, यासाठी वर्डमध्ये ‘डिफरंट फर्स्ट पेज’ हा पर्याय निवडावा लागतो. साचा एकाच पानाचा असेल तर दुसऱ्या पानाचे हेडर दिसतच नाही, म्हणून पेज ब्रेक देऊन तात्पुरते दुसरे पान उघडावे, त्याच्या हेडरमध्ये संस्थेचे नाव व पृष्ठक्रमांक एवढेच भरावे आणि मग तो ब्रेक काढून टाकावा. कागदाचा आकार ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, असा आधीच ठरवून द्यावा. अनेक संगणकांवर अमेरिकी ‘लेटर’ हा आकार मुळातच निवडलेला असतो आणि तो ए-४ पेक्षा आखूड असल्याने तळाचा मजकूर जागेवर उमटत नाही.

मराठी लेटरहेडची खरी कसोटी अक्षरांत लागते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर संस्थेचे नाव निरर्थक रोमन चिन्हांत दिसते. साच्यातील सर्व मजकूर म्हणूनच युनिकोडमध्ये असावा आणि फाँट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याचा पर्याय चालू ठेवावा. वर्डमध्ये देवनागरीसारख्या लिप्यांसाठी फाँट आणि आकार यांची नोंद रोमनपासून वेगळी ठेवलेली असते, तेव्हा स्टाइल ठरवताना दोन्ही ठिकाणी नोंद करावी लागते. दोन ओळींमधील अंतर ‘एक्झॅक्टली’ असे बांधून दिले आणि ते कमी पडले, तर शिरोरेषेवरील मात्रा, वेलांटी आणि रफार कापले जातात; ‘सर्वोदय’ या नावातील रफार अर्धा छाटला गेला, तर संस्थेचे नावच अशुद्ध उमटते.

तारखेच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. नाटककार राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथेच झाले. त्यांच्या स्मृतिदिनाची निमंत्रणे एखाद्या संस्थेने अशा साच्यावरून पाठवली आणि साच्यात आपोआप बदलणारी तारीख ठेवलेली असली, तर जानेवारीत पाठवलेले पत्र जूनमध्ये उघडताच त्यावर जूनची तारीख दिसते आणि पुरावा म्हणून त्या प्रतीचे मोल उरत नाही. वर्डमध्ये यासाठी ‘क्रिएटडेट’ हे वेगळे फील्ड आहे, जे दस्तऐवज तयार झाल्याची तारीख दाखवते. जावक क्रमांक, प्रति, विषय आणि संदर्भ यांच्या जागा मात्र रिकाम्या, पण नाव दिलेल्या चौकटींच्या रूपात ठेवाव्यात, म्हणजे काय भरायचे राहिले ते लिहिणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

लेटरहेडवर काय असावे, हे काही बाबतींत कायद्यानेच ठरवले आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर तिचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि २१ अंकाक्षरी ओळख क्रमांक छापणे बंधनकारक आहे. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरी असून त्याचे पहिले दोन अंक राज्य दर्शवतात. महाराष्ट्राचे ते २७ आणि मध्य प्रदेशाचे २३ आहेत, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना नोंदणी असलेल्या सावनेरच्या पेढीने दोन स्वतंत्र साचे ठेवणे हेच सुरक्षित. सारनाथच्या सिंहमुद्रेचा मोह मात्र खासगी संस्थांनी कटाक्षाने टाळला पाहिजे, कारण राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्धच्या २००५ च्या अधिनियमात त्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

साचा तयार झाल्यावर तो वापरात आणण्यापूर्वी त्यावर दोन पानांचे चाचणी पत्र लिहून कार्यालयातील प्रत्येक प्रिंटरवर छापून पाहावे. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, त्यामुळे पडद्यावर पूर्ण दिसणारी तळओळ कागदावर अर्धी उमटत असेल तर ते येथेच कळते आणि फूटर, म्हणजे पानाच्या तळाचा राखीव पट्टा, काही मिलिमीटर वर घेता येतो.