विश्लेषण : जमिनीखालचे पाणी अंतराळातून कसे मोजतात? विदर्भाला त्याचा उपयोग काय?

नागपूरच्या झिरो माइलवरील दगडी स्तंभ १९०७ मधला. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १,०२० फुटांहून थोडी अधिक आहे. अशी उंची एकदा मोजली की ती कायमची, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात जमीन खचते, उचलली जाते आणि तिच्याखालचे पाणी कमी-जास्त झाले की गुरुत्वाकर्षणही किंचित बदलते. हे बदल आता उपग्रह टिपतात. वरूड-काटोलचा संत्रा उत्पादक असो की घुग्घुसचा रहिवासी, दोघांचाही या मोजणीशी थेट संबंध आहे.

गुरुत्वाकर्षण बदलते म्हणजे काय?

जिथे वस्तुमान जास्त, तिथे ओढ जास्त. पावसाळ्यात तोतलाडोह, गोसेखुर्दसारखी धरणे भरतात, मातीत आणि खडकात पाणी मुरते. त्या पाण्याचे वजन वाढले की त्या भागाची ओढ अगदी थोडी वाढते. उन्हाळ्यात ती कमी होते. हा फरक आपल्याला जाणवणारा नसतो, पण उपग्रहाच्या वाटचालीत तो दिसतो.

ग्रेस मोहीम कशी चालते?

मार्च २००२ मध्ये अमेरिका आणि जर्मनीने ‘ग्रेस’ ही उपग्रहांची जोडी सोडली. साधारण ५०० किमी उंचीवर, एकामागे एक, सुमारे २२० किमी अंतर ठेवून ती फिरत असे. पुढचा उपग्रह जास्त वस्तुमानाच्या भागाजवळ आला की त्याला आधी ओढ बसते आणि दोघांतले अंतर वाढते. मागचाही तिथे पोहोचला की ते पुन्हा कमी होते. केसाच्या जाडीहूनही लहान असलेला हा फरक सूक्ष्मलहरींनी मोजला जातो. २०१७ मध्ये ही मोहीम संपली. मे २०१८ पासून ‘ग्रेस-एफओ’ हे काम करते.

भारताबद्दल काय कळले?

२००९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, राजस्थान, पंजाब, हरियाणा (दिल्लीसह) या पट्ट्यातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घन किमी भूजल कमी झाले. त्या काळात पाऊस साधारण सरासरीइतका होता. म्हणजे कारण दुष्काळ नव्हे, तर उपसा.

मग वरूडच्या विहिरी दिसतात का?

नाही. ग्रेसची नजर काही शे किमी रुंद भागावर असते. नागपूर ते अमरावती अंतर साधारण दीडशे किमी. हे दोन्ही जिल्हे तिला एकाच ठिपक्यात दिसतात. वरूड तालुक्यातील अतिउपसा, शेजारच्या गावातली खोल जाणारी बोअरवेल तिला वेगळी काढता येत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तसेच केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींनाच पर्याय नाही.

जमिनीची उंची कोण मोजते?

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेला इस्रो आणि नासाचा ‘निसार’ उपग्रह. सुमारे ७४७ किमी उंचीवरून तो दर १२ दिवसांनी त्याच जागेचे रडार चित्र घेतो. दोन चित्रांतील परतलेल्या लहरींची तुलना केली की जमीन सेंटिमीटरभर हलली तरी कळते. ढग किंवा रात्र आड येत नाही. त्याच्या रडारांपैकी नासाच्या रडारच्या २४ सेंमी लांबीच्या लहरी झाडीतूनही बऱ्याच अंशी आरपार जातात. विदर्भासारख्या जंगलाच्या प्रदेशात हे महत्त्वाचे.

विदर्भात जमीन खचते का?

इथे खडक पाहावा लागतो. नागपूरच्या पश्चिमेकडे बेसॉल्ट आहे. त्यातले पाणी भेगांमध्ये असते; ते उपसले तरी कठीण खडक फारसा दबत नाही. त्यामुळे विहीर आटते, पण जमीन जवळपास तिथेच राहते. गाळाच्या जमिनीत मात्र चिकणमातीचे थर पाणी गेल्यावर दबतात. दिल्ली विमानतळालगतच्या कापसहेडा भागात हेच आढळले.

कोळसा पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. जुन्या भूमिगत खाणींवर वसलेल्या वस्त्यांचा धोका त्यामुळे समोर आला. खाणीचे छत हळूहळू वाकत असेल तर रडारला ते आधी दिसू शकते. अचानक कोसळणारा खड्डा मात्र पूर्वसूचना देईलच असे नाही.

पुढे काय?

निसारची माहिती सर्वांना मोफत वापरता येईल, असे धोरण आहे. पण आकाशातून दिसलेला बदल खाणींचे जुने नकाशे, विहिरींच्या नोंदी आणि जमिनीवरील मोजणीशी जुळवावा लागतो. ते झाले तरच कोणती वस्ती आधी हलवायची आणि कोणत्या गावात नवी बोअरवेल थांबवायची, हे ठरवता येईल.