सहा-सहा इंचांनी चढलेला कडा

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा कडा आहे. जवळजवळ सरळसोट आणि सुमारे ३,००० फूट उंच. जुलै १९८९ मध्ये मार्क वेलमन हा कडा चढून माथ्यावर पोहोचला. १९८२ मध्ये डोंगरातच पडून त्याच्या मणक्याला इजा झाली होती आणि तेव्हापासून त्याचे पाय लुळे होते.

हे त्याने केलं कसं? सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्यांना जुमार हे दोरावर चढायचं साधन माहीत असतं. त्याच्या आतला दातेरी खटका दोरावर वर सरकतो. भार पडला की दोर घट्ट पकडतो आणि खाली येत नाही. वेलमनने जुमारला आडवा दांडा जोडला होता. तो दोन्ही हातांनी धरून अंग वर ओढायचं. दर ओढीला उंची मिळायची जेमतेम सहा इंच, पण मिळालेली उंची परत जायची नाही, कारण हात सैल सोडले तरी सगळं वजन दोर पेलायचा. अशा जवळपास ७,००० ओढी, आठवडाभर. ३,००० फूट उचलणं कुणाच्याच दंडांच्या आवाक्यातलं नाही. सहा इंच मात्र आहे, आणि दोन ओढींच्या मध्ये श्वास घेण्याची मुभा तो खटका देतो. एवढ्याशा पोलादी तुकड्याने केवढा मोठा प्रश्न सोडवला!

दोर वर नेणारा होता त्याचा जोडीदार माइक कॉर्बेट. आधी स्वतः चढून दोर बांधायचा, मग खाली येऊन कड्यात अडकवलेलं सामान काढायचं आणि पुन्हा वर जायचं. बातम्यांमध्ये अशा माणसांना क्वचितच जागा मिळते. जिद्दीचे गोडवे गायले जातात, आणि दोर, खटका, जोडीदार सगळं एका ओळीत उरकलं जातं. मला हे खरंच खटकतं. जिद्द असलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांच्या हाती दोर नाही.

शरीराचंही एक गणित असतं. मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली की तिच्या खालच्या भागाला बहुतेक वेळा घाम येत नाही. इजा जितकी वर, तितका घाम येणारा भाग कमी, म्हणून उन्हात अंग पटकन तापतं. त्यावर उपाय साधा असतो: अंगावर पाणी फवारायचं, सावलीच्या वेळा गाठायच्या. पायांना संवेदना नसली तर खडकाने कातडी सोलली तरी कळत नाही. वेलमनने पायांवर जाड आवरण चढवलं होतं ते त्यासाठीच.

ह्यू हेर या प्रस्तरारोहकाची गोष्ट आणखी पुढे जाते. जानेवारी १९८२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर हिमवादळात अडकला. हिमदंशामुळे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. मग त्याने स्वतःसाठी पाय बनवायला घेतले आणि बनवताना त्याला एक विलक्षण गोष्ट उमगली: आपला पाय मानवी पायासारखा असण्याची सक्ती कुणी केली आहे? खडकाच्या अरुंद कडेवर टेकायला त्याने पातळ, कडक पाऊल केलं, बर्फासाठी अणकुचीदार. पायांची लांबीही बदलता येत होती, म्हणजे पकड उंचावर असेल तर उंच व्हायचं. अपघाताआधी जमत नव्हत्या अशा चढाया तो करू लागला. पुढे तो अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक झाला.

आपल्याकडे रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६०च्या दशकात घडवलेल्या ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायामागेही तशीच नजर होती. माणूस उकिडवा बसतो, अनवाणी चालतो, चिखलात उतरतो. परदेशी पाय बुटासाठी घडवलेला. रबराच्या लवचीक पावलाने शेताचा बांधसुद्धा मोकळा केला.

चालताच येत नसेल तर? फ्रान्समधल्या जोएल क्लोदेल या डोंगर-वाटाड्याचा पुतण्या स्नायूंच्या आजाराने चालू शकत नव्हता. त्याच्यासाठी क्लोदेलने १९८७ मध्ये ‘जोएलेत’ बनवली: खुर्ची, तिच्याखाली एकच चाक, पुढे ओढणारा एक, मागे तोल सांभाळणारा एक. चार चाकांच्या खुर्चीला सपाट आणि रुंद रस्ता लागतो. उतरत्या कडेवर ती कलंडते. एका चाकाला वीतभर वाट पुरते, आणि वाट कितीही तिरपी असली तरी सोबतचे हात खुर्ची उभी ठेवतात. सह्याद्रीतली कितीतरी पठारं आणि धारेवरच्या पायवाटा या मोजमापात बसतात, हे ध्यानात आलं की नकाशा वेगळाच दिसू लागतो. मात्र पायथ्याशी खुर्चीसकट आत जाता येईल असं शौचालय नसेल, तर माणूस घरातूनच निघणार नाही.

दृष्टी नसेल तर उणीव ताकदीची नसते, माहितीची असते. अंध गिर्यारोहक एरिक वाइहेनमायर २५ मे २००१ रोजी एव्हरेस्टवर पोहोचला, तो पुढच्या साथीदाराच्या घंटेचा आवाज ऐकत. पुण्याच्या दिव्यांशु गणात्रांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने गेली. त्यांची संस्था मनाली ते लडाखमधली खारदुंग ला खिंड या वाटेवर दोघांच्या सायकलींची मोहीम काढते. पुढे डोळस, मागे अंध. हँडल आणि ब्रेक पुढच्याकडे; पण दोघांची पेडलं एकाच साखळीने बांधलेली असतात. पुढच्याने जोर कमी केला की मागच्याच्या तळव्याला ते त्याच क्षणी समजतं, आणि साडेसतरा हजार फुटांकडे जाणाऱ्या त्या चढावर मागच्याचे पाय थांबले, तर पुढच्याचे डोळे सायकल वर नेऊ शकत नाहीत.